ताईची पलटण

९ जानेवारी

प्रिय दाजी,

प्रदर्शन काल संपलं. दोन दिवस उभं राहून पायांचे खांब झालेत, पण कान भरून आलोय, आणि ते तुमच्याकडे रिकामे केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुमचं ऐकू येणं गेलं तेव्हा ताईने ही हमाली माझ्या गळ्यात घातली. 'तू ऐक आणि यांना लिही,' म्हणाली. ती गेली, तरी मी एकही खेप चुकवलेली नाही.

हॉलमध्ये बारा टेबलं होती, प्रत्येकावर एकेक जुनी लढाई. थर्मोकोलच्या टेकड्या, लाकडी भुशाचं गवत, आणि दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे धातूचे सैनिक. मी दोन्ही दिवस हरलो. फासे टाकून चाली करायच्या, आणि फासे माझं ऐकत नाहीत. सेनापती म्हणून माझा दरारा बिजागरीच्या कारखान्याच्या गेटाआतच चालतो. पण लढाया बघतं कोण? गर्दी सगळी भिंतीकडच्या काचेच्या कपाटांपाशी. तिथे उत्तम रंगवलेले सैनिक ठेवतात, आणि रंगवणारे आपण त्या गावचेच नाही असं दाखवत आसपास घुटमळतात. घोडेवाल्या बाई आल्या होत्या. त्यांनी यंदा एकाच रंगाचे साठ घोडे केलेत आणि साठांत दोन सारखे नाहीत. एकाच्या मानेवर घाम आहे, दाजी! पेराएवढा घोडा आणि त्याला घाम! चिखलवाला होता. त्याच्या शिपायांचे बूट बघून कळतं, की चिखल आजचा की कालचा.

आणि ही दिग्गज मंडळी शेवटी येऊन थांबतात ती तुम्ही रंगवलेल्या ताईच्या पलटणीपाशी. यंदा सहावं वर्ष. चाळीस शिपाई, निळे कोट, छातीवर पांढरे पट्टे. चिखलवाला वीस मिनिटं वाकून बघत होता. मग बाईंना म्हणाला, "बाई, या माणसाने पांढरा रंग जवळजवळ वापरलाच नाहीये, आणि पट्टे बघा कसे पांढरे! कसं करतो हा?" बाई म्हणाल्या, "जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्यात त्याने. पांढरा म्हणजे काय ते त्यालाच विचारा." एक गृहस्थ बायकोला सांगत होते, "बघ, चाळीस माणसं, पण एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही." ती म्हणाली, "आणि एकाचंही लक्ष समोर नाही. आपल्या घरासारखंच."

तुमचे नवे तोफेवाले सत्तावीस जण खालच्या फळीवर मांडले होते. तेही लोकांनी पाहिले. चिखलवाल्याने बराच वेळ पाहिले.

तब्येतीला जपा. जिन्याचा दिवा बसवून घेतलात का?

तुमचा मेहुणा

१७ जानेवारी

मेहुणेबुवा,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

चिखलवाल्याला सांग, यात गुपित काही नाही. माणसाचा दात पांढरा नसतो. मुळाशी पिवळट, मध्ये दुधी, टोकाला करडा. कवळ्यांसाठी मी सोळा छटा ठेवायचो. पट्ट्यालाही तेच: आधी मातकट करडा, त्यावर हस्तिदंती, आणि निव्वळ पांढरा फक्त वरच्या कडेला, केसाएवढा. बाकीचं बघणाऱ्याचा डोळा करतो.

आता माझा प्रश्न. पलटणीवर तू पान भरलंस आणि तोफेवाल्यांवर तीन वाक्यं. 'तेही लोकांनी पाहिले.' पाहणारच. डोळे मिटून कोणी प्रदर्शनाला येतं का? तुझी ताई गेल्यावर चार वर्षं मी ब्रश हातात धरला नव्हता. हे त्यानंतरचं पहिलं काम. दीड वर्ष लागलं.

आपलं काय ठरलं होतं? बरं असो, वाईट असो, जसंच्या तसं. चिखलवाला काय म्हणाला ते लिही. माझे कान गेलेत. तू कुठे गप्प बसलास ते मला कागदावर दिसतं.

दाजी

२४ जानेवारी

प्रिय दाजी,

तुम्ही कवळ्यांच्या धंद्यात उगाच आलात, पोलिसात जायला हवं होतं.

अहो, कागद संपला म्हणून हात आवरला, दुसरं काही नाही. आता घ्या. चिखलवाला म्हणाला, "म्हातारा थांबलेला नाही. पलटणीच्याही पुढे गेलाय." हे त्याचे शब्द. घोडेवाल्या बाई म्हणाल्या, "पट्ट्यांवर असा उजेड मी कधी पाहिला नाही." आणखी एका चष्मेवाल्याने तर मलाच विचारलं, "हे रंगवणारे शिकवतात का हो?" मी म्हणालो, "शिकवतील, पण प्रश्न लिहून विचारावे लागतील."

झालं समाधान? आता पोटभर जेवा आणि पुढचं काम हातात घ्या.

तुमचा मेहुणा

११ मार्च

मेहुणेबुवा,

तुझं पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. चिखलवाला असं सहज बोलणारा माणूस नाही, म्हणून त्याची किंमत.

एक गोष्ट गेले पंधरा दिवस मनात आहे. गेल्या महिन्यात तुझ्या घरी आलो तेव्हा पलटण नीट पाहिली. तू चहा सांगायला आत गेला होतास. पट्टे पिवळे पडलेत. जुन्या कवळीसारखे. चेहरेही मळकट झालेत, नाकडोळे धड दिसत नाहीत. वार्निश जुनं झालं की असं होतं. इतकी वर्षं लोक आदराने काही बोलत नसतील.

माझा हात आता तेव्हाच्या पुढे आहे, हे तूच लिहिलंस. मग तिचंच काम मागे का राहावं? चाळीसही जण माझ्याकडे पाठव. पट्टे आणि चेहरे नव्याने करतो.

इथे दिव्यांचा ताप आहे. तीन दिवे बदलले. हल्लीचे सगळे दिवे पिवळाच उजेड देतात.

दाजी

२० मार्च

प्रिय दाजी,

पलटण कुठे जातेय पळून! पण खरं सांगू, मला तर ती पिवळी वाटत नाही. माझ्या हॉलमध्ये त्या कोपऱ्यात उजेड कमी आहे, शिवाय कपाटाची काच कामवाल्या मावशी ज्या फडक्याने पुसतात त्याने फरशी पुसली तर फरशीही मळेल.

दुसरं म्हणजे प्रदर्शनवाल्यांनी पलटण पुढच्या वर्षासाठी आत्ताच मागून ठेवलीय. तिसरं म्हणजे कपाटाची किल्ली सापडत नाही. बिजागऱ्या विकणाऱ्या माणसाच्या घरी कपाट उघडत नाही म्हणजे बघा.

त्यापेक्षा नवं काहीतरी करा. ढोलवाले करा ना, तुम्हाला करायचेच होते. जुनं आहे तसं राहू द्या. ताईने पाहिलेलं आहे ते.

तुमचा मेहुणा

२८ मार्च

तुझ्या पत्रात तीन कारणं आहेत. खरं असतं तर एकच असतं.

तू बिछान्यापाशी तासभर बसून परत जायचास. मी आठ महिने बसलो. ती उशीला टेकून भिंग धरायची आणि एकेक चेहरा मला सांगायची, कसा कर म्हणून. माझं बोलणं तिला नीट कळायचं आणि तिचं मला ओठांवरून सगळं कळायचं. चाळीसही चेहरे असे झालेत. ते माझ्या डोळ्यांदेखत मळलेले मला बघवत नाहीत.

तुझी बहीण होती, मान्य आहे. पण काम माझं आहे. पाठव.

दाजी

४ एप्रिल

प्रिय दाजी,

किल्ली सापडली. पेटी आपल्या कारखान्याच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय. एकेक शिपाई कापसात गुंडाळलाय, पेटी आडवी करू नका.

एकच विनंती. जमलं तर वरच्यावर हात फिरवा, मूळचं काढू नका.

मेहुणा

३० जून

मेहुणेबुवा,

ड्रायव्हर हे पत्र देईल त्याच्याबरोबर पेटीही देईल. उभ्या उभ्या उघडू नकोस. खुर्ची घे, खिडकीपाशी बस.

वरच्यावर हात फिरवून भागलं नसतं. चाळीसही जण थिनरमध्ये घातले. रात्रभर ठेवले, सकाळी दात घासायच्या ब्रशने घासले. नागडे धातूचे चाळीस जण टेबलावर उभे होते, तेव्हा मी त्यांच्यावर फडकं टाकलं, लपवत नाही. पण मग अस्तर दिलं आणि हात चालू लागला. या वेळी मातकट, हस्तिदंती असले खेळ केले नाहीत. पट्टा पांढरा म्हणजे पांढरा. डोळे ठसठशीत केलेत, लांबूनही दिसतील.

तीन महिने मी मजेत होतो. कोणीतरी शेजारी बसलंय असं वाटायचं.

पुढच्या प्रदर्शनात कपाटापाशी उभा राहा. लोक काय म्हणतात ते सगळं लिही.

दाजी

८ जुलै

प्रिय दाजी,

पेटी मिळाली. तुम्ही सांगितलं तसा खिडकीपाशी बसून उघडली.

काय लिहू? माझ्यासारख्या बोलघेवड्याचं तोंड बंद केलंत. तीन महिने वाकून बसलात, कष्ट दिसतात. कपाटात होती तिथेच मांडलीय. बायकोही बघून गेली.

तुमचा मेहुणा

ता. क. सहज आठवलं म्हणून लिहितो. या वयात एकदा डोळे दाखवून यावं. मीही दाखवणार आहे.

१५ सप्टेंबर

मेहुणेबुवा,

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलेला. शेजारच्या नर्सबाईंनी मला कपाच्या बाहेर चहा ओतताना पाहिलं आणि दंडाला धरून नेलं. डॉक्टरांनी पाटीवर लिहिलं, 'दोन वर्षं काय करत होता?' मी म्हणालो, 'रंगवत होतो.' ते हसले. त्यांना वाटलं भिंती.

एक डोळा ऑगस्टात झाला, दुसरा गेल्या आठवड्यात. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा खिडकीची चौकट दिसली. मी तिला पिवळी समजत होतो. ती पांढरी आहे. दिवेही पिवळे नव्हते. आभाळाचा निळा तर मी विसरूनच गेलो होतो.

मग घरी आलो. टेबलावर जुलैत केलेले बारा ढोलवाले होते. हातात घेतले.

कोणी सांगायची गरज राहिली नाही. पट्टे निळसर पांढरे, रंगाचे थरच्या थर. डोळे वाटाण्याएवढे, बाराही जण भूत पाहिल्यासारखे. मी शिकाऊ असताना असं काम केलं असतं तर फेकून दिलं असतं. म्हणजे तोफेवालेही असेच. म्हणजे पलटणही अशीच.

तेव्हा पलटण पिवळी पडली नव्हती. डोळे पिवळे झाले होते.

आता मला सांग. जानेवारीत चिखलवाला काय म्हणाला? बाई काय म्हणाल्या? शब्द गाळू नकोस. पलटण पाठवू नकोस, आधी हे लिही.

दाजी

२२ सप्टेंबर

प्रिय दाजी,

कारखान्यात वीस मशीनं चालू असताना कुठलं मशीन बिघडायला आलंय ते मी ऑफिसात बसून सांगतो. कान शाबूत आहेत. तेव्हा जे ऐकलं ते विसरलो नाही.

चिखलवाला तोफेवाल्यांपुढे वाकला आणि म्हणाला, "हे त्याचे नाहीत. पट्ट्यांना चुना फासलाय." बाई म्हणाल्या, "त्याचेच आहेत. हळू बोल, मेहुणा उभा आहे." मग थोडं लांब जाऊन, मला ऐकू येणार नाही असं समजून म्हणाल्या, "त्याचे डोळे गेलेत. कोणीतरी सांगायला हवं, बिचारा एकटा असतो." चिखलवाला म्हणाला, "मेहुणा सांगेल की. तो सगळं लिहून कळवतो म्हणे."

चष्मेवाला कोणी नव्हता. तो मी जन्माला घातला.

डोळे गेलेत हे मी जानेवारीत ऐकलं, दाजी. त्याच आठवड्यात लिहिलं असतं तर फेब्रुवारीत ऑपरेशन झालं असतं आणि पलटण आज होती तशी कपाटात असती. एवढा सोपा हिशोब मला तेव्हा जमला नाही. तुम्ही चार वर्षांनी ब्रश धरला होतात. मला वाटलं, एक वाईट ओळ लिहिली तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल. गोड लिहिलं. मग ते सांभाळायला किल्ली हरवावी लागली. तुम्ही 'पाठव' लिहिलंत तेव्हा दोन दिवस पेटी उघडी ठेवून बसलो होतो. खरं लिहायचं म्हणजे आधी खोटं लिहिलं ते कबूल करायचं. ते धाडस झालं नाही, म्हणून ताईचे चाळीस जण कापसात गुंडाळले.

जुलैत पेटी उघडली तेव्हा बायको शेजारी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मी तुम्हाला लिहिलं, 'बायकोही बघून गेली.'

शिव्या घाला. येऊन समोर बसू का?

तुमचा मेहुणा

५ ऑक्टोबर

वाचलं.

शिव्या घालण्यात अर्थ नाही. तू माझ्यासाठी केलंस हे मला कळतं. ते कळतं म्हणूनच राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

एवढ्यात येऊ नकोस. ओठांवरून मला शब्द वाचता येतात, खरंखोटं वाचता येत नाही. ते तुझ्या पत्रांतून येतं असा माझा समज होता.

आता कामाचं. हात अजून बरा आहे, डोळे परत आलेत, थिनर आहे. पलटण पुन्हा उतरवून मी पट्टे पूर्वीसारखे करू शकतो. पट्टे माझे होते. चेहरे माझे नव्हते. ती सांगायची आणि मी करायचो. एक झाला की दुसरा, झालेला लगेच विसरायचो. कपाटात राहणारच आहे, लक्षात कशाला ठेवायचा? आता डोळे मिटून बसतो तर मला तिचे ओठ हलताना दिसतात, शब्द आठवत नाहीत.

तू त्यांच्यापुढे सहा वर्षं उभा होतास. पहिल्या रांगेच्या डाव्या टोकापासून सुरू कर. एकेकाचा चेहरा लिहून काढ. नाक कसं, भुवया कशा, कुठे बघत होता. चाळीसही जण. वेळ घे, पण अंदाजाने काही लिहू नकोस. नवे चेहरे मला करता येतील. मला तिचे हवेत.

दाजी

१९ ऑक्टोबर

प्रिय दाजी,

चौदा दिवस घेतले. कारखान्यात गेलो नाही. हॉलमध्ये कपाटापुढे वही घेऊन बसलो. खाली लिहितो त्यात एक शब्दही अंदाजाचा नाही.

पहिली रांग, डावीकडून दुसरा. उजवा गाल सुजलेला, तो डोळा बारीक झालेला. दातांचा एक डॉक्टर बघून म्हणाला होता, "याला लढायला काय पाठवता, दाढ काढायला पाठवा."

त्याच रांगेत पाचवा. डोळ्यांवर झोप, खालचा ओठ लोंबलेला. एका बस ड्रायव्हरने "हा आमच्या पहिल्या पाळीचा" म्हणून मित्राला दाखवला होता.

झेंडेवाला. भुवया वर, नाकपुड्या फुगलेल्या, शिंक आवरून धरलेली. त्याच्यापुढे लहान मुलंसुद्धा शिंकायची.

दुसरी रांग, उजवं टोक. मोठे कान, गोल नाक, हनुवटी वर. माझी बायको पहिल्याच वर्षी म्हणाली, "हे तुम्हीच." मी म्हणालो, "कान सोडले तर काही नाही." आता वाटतं, ताईने मलाच घातला होता.

दुसऱ्या रांगेच्या मध्यावर एक जण दातांखाली ओठ धरून, एक भुवई खाली. "परीक्षेला बसलाय," असं एक शिक्षिका म्हणाली होती.

ढोलवाला. मान डावीकडे वळवलेली, तोंड थोडं उघडं. त्याला बघून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले होते, "याला कोणीतरी घरून हाक मारलीय."

तिसरी रांग, शेवटचा. ओठ मिटून हसणारा, डोळे जमिनीकडे. घोडेवाल्या बाई दर वर्षी म्हणायच्या, "याला काहीतरी ठाऊक आहे."

सात झाले. आठवा येत नाही.

फोटो शोधले. एक आहे, पण काचेत माझंच पोट दिसतंय आणि चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे. बायकोला विचारलं, तिला हेच सात. चिखलवाल्याकडे गेलो, सगळं खरं सांगितलं. त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "मी पट्टेच बघत राहिलो हो." बाईंना आणखी दोन आठवतात असं वाटलं, पण नीट विचारल्यावर त्यांचीच खात्री नव्हती, म्हणून ते लिहिले नाहीत.

हे सातही कोणी ना कोणी काहीतरी बोललं म्हणून माझ्या लक्षात राहिलेत. ज्यांच्याबद्दल कोणी बोललं नाही ते तेहतीस जण मला आठवत नाहीत. मी सगळ्यांना सांगत आलो की ताईच्या पलटणीपुढे सहा वर्षं उभा राहिलो. दाजी, मी कपाटाकडे पाठ करून उभा राहायचो. बोलणाऱ्यांची तोंडं समोर असली की ऐकू नीट येतं.

तुमचा मेहुणा